मानसिंगरावांचा साधा प्रश्न

...आणि एवढं सगळं झाल्यावर वरून घरचे मलाच म्हणतात, "बिरू, येवढं साधं जमलं न्हाय व्हय तुला?" साधं! अहो, साधं असतं तर मी आज तुमच्यापुढं असा घाम पुसत उभा राहिलो असतो का? थांबा, थांबा... आधी माफी मागायची होती, ती राहिलीच. मंडळी, मी आठवीतून शाळा सोडलेला माणूस. डाळजला हायवेच्या कडेला माझं पंक्चरचं दुकान आहे. चार माणसांपुढं बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून हे सगळं मी कागदावर लिहून आणलंय आणि त्यातलंच वाचतोय. शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. तुम्हाला ऐकताना त्या दिसायच्या नाहीत, पण मला वाचताना दिसतात, आणि एखादी दिसली की मी अडखळतो, तेवढं सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. भारी शब्द मला दोन-चारच येतात, तेही टायरचे.

तर काय सांगत होतो? हां. साधं!

तुम्हाला सांगतो, झालं असं की माघात आम्ही शेळगावला मुलगी बघायला गेलो. मी, आमचे आप्पा, आई, आणि कुशाआत्या. कुशाआत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडंच असते, आणि आमच्या घरातलं कुठलंही काम तिच्याशिवाय हलत नाही आणि तिच्यामुळं सरळही जात नाही. मुलीचं नाव सारजा. ती पोहे घेऊन आली. मी काही तिच्याकडं पाहिलं नाही, मी पोह्यांकडं पाहिलं. पण बशी हातात देताना ती हळूच म्हणाली, "मिरची हाय बगा त्यात. बाजूला काडा." बास! मंडळी, माझ्या जन्मात मला कुणी मिरची बाजूला काढायला सांगितलेलं नव्हतं. आमच्या घरात दाताखाली मिरची आली की उलट म्हणतात, "दिसत न्हाय व्हय, डोळं हायत का भोकं?" मी तिथंच ठरवलं, लग्न केलं तर ह्याच घरात, नाहीतर आपलं पंक्चर बरं.

आणि तिथंच माशी शिंकली. तिचे वडील, मानसिंगराव. साखर कारखान्यात काट्यावर असतात, म्हणजे उसाच्या गाड्यांची वजनं घ्यायची. सगळा जन्म वजनं घेण्यात गेलेला माणूस! ते नुसते बघायला लागले तरी वाटतं, आपण भरलेले किती आणि रिकामे किती ते ह्यांना कळलं. त्यांनी जमीन विचारली नाही. विहिरीला पाणी किती ते विचारलं नाही. माझी शाळा विचारली नाही, आणि त्याबद्दल मी मनातल्या मनात बिरोबाला नारळ बोलत होतो, तेवढ्यात चहाची बशी खाली ठेवून आप्पांना म्हणाले, "दादासो, येक साधा प्रश्न इचारतो. तुमचा म्हैन्याचा घरखर्च किती?"

साधा प्रश्न होता हो, साधा!

आप्पा म्हणाले, "काय, पाच-सातशे." त्याच क्षणी आई म्हणाली, "दोन हजार तर कुटंच जात न्हाईत." आणि त्याच क्षणी आत्या म्हणाली, "खर्च? आमच्यात खर्चच न्हाय! समदं घरचंच हाय!" तिघं! एका सतरंजीवर बसून, एका दमात! मानसिंगरावांनी तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं, गाडी काट्यावर नीट उभी राहिली नाही की बघतात तसं, आणि मग माझ्याकडं वळले. "आन पावनं, तुमचा काय अंदाज?" मी म्हणालो, "तीन." तीन काय? मला काय माहीत! माझ्या बशीत बाजूला काढलेल्या मिरच्या तीन होत्या, मी त्या मोजत होतो.

कुणी हसलं नाही. मानसिंगरावांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली आणि सावकाश बोलायला लागले. "ह्यात राग न्हाय बरं का. थोरलीला दिली तवा म्या ह्यो प्रश्न इचारला न्हवता. मोठं घर, बागायत, दारात ट्रॅक्टर. म्हनलं, सुखात पडली. आज त्या पोरीला मिठाच्या पुड्यासाठनं सासऱ्याफुडं हात पसरून उभं ऱ्हावं लागतंय. सासरा म्हनतो, परवाच आनलं हुतं की, खाल्लं का सांडलं? आता हिच्या वक्ताला मी इचारनार. होळी झाली की येतो डाळजला. तवर तुमचा घरखर्च किती त्यो काडून ठिवा. आकडा ल्हान का मोटा, त्याचं मला काय न्हाय. पर ठावं पायजे. ज्या घराला आपलाच खर्च ठावं न्हाय, त्या घरात पोरगी कुनाच्या भरवशावर द्यायची?"

बरोबरच होतं की त्यांचं! एसटीत आप्पा म्हणाले, "मानूस इक्षिप्त हाय." आई म्हणाली, "पोरगी चांगली हाय." आत्या म्हणाली, "पोहं फोडनीत करपलं हुतं." आणि मग तिघंही माझ्याकडं बघून म्हणाले, "बिरू, तू शिकलाईस. तू काड." मी शिकलोय! आठवी! ती पण नापास झालो म्हणून सोडलेली!

पण म्हटलं ठीक आहे. सारजासाठी काढू. काढायचं काय त्यात? साधी काहीतरी पद्धत शोधायची, महिनाभर लिहायचं, बेरीज मारायची, झालं. तर मंडळी, आधी आमच्या घरात पैसा राहतो कुठं ते सांगतो. देवळीत. देवळी म्हणजे भिंतीतला कोनाडा हो, त्यात बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आहे, त्याच्यावर कोण्या गोऱ्या बाईचं चित्र होतं, आता घासून घासून तिची नुसती टोपी राहिलीय. दुधाचे पैसे आले, टाक डब्यात. आईच्या अंड्यांचे आले, टाक डब्यात. माझ्या दुकानाचे, डब्यात. शेरडू विकलं, डब्यात. आणि लागले की घे. कुणी घेतले, किती घेतले, कशाला घेतले? काही नाही! आपली विहीर असल्यासारखं, पोहरा टाकला की वर! आता असल्या विहिरीतलं रोजचं पाणी कोण मोजणार? मी. कारण मी शिकलोय.

पहिल्यांदा मी गेलो बारामतीला. माझ्या मावशीचा मुलगा ऋषिराज तिथं कॉमर्सच्या कॉलेजात आहे, केसांचा भांग असा की पट्टीनं मारल्यासारखा. त्याला म्हटलं, घरखर्च लिहायचाय, काहीतरी साधं सांग. तर म्हणतो, "अगदी साधं असतं रे! एकच नियम. जे येतं ते नावे, जे जातं ते जमा."

मी म्हटलं, उलटं सांगतोयस का?

"नाही. बरोबर सांगतोय. समजा तू साखर आणलीस. साखर आली, साखर नावे. पैसे गेले, रोकड जमा."

"पैसे गेले... ते जमा?"

"जमा."

"जमा झाले तर मग गेले कुठं?"

"गेले म्हणूनच जमा!"

"आणि साखर?"

"ती नावे."

"अरे, ती तर बरणीत जमा झाली की!"

"बरणीचा संबंध नाही, बिरू!"

बरणीचा संबंध नाही? अहो, साखर काय हवेत ठेवायची? मी म्हटलं, उद्या आप्पा म्हणाले पैसे कुठायत, तर काय सांगू, गेलेत म्हणजे जमा आहेत? तर म्हणतो, हो! तुम्हाला सांगतो, एवढा शिकलेला मुलगा, पण त्याची मला काळजीच वाटली. तरी त्याच्या सांगण्यावरून लाल कापडाच्या बांधणीची एक जाडजूड रोजकीर्द, म्हणजे रोजच्या हिशेबाची वही, विकत घेतली, आणि तिला किती पैसे पडले ते नावे का जमा ह्याचा विचार करत भिगवणपर्यंत आलो, तोवर माझंच डोकं भणभणायला लागलं.

आणि घरी? आईनं वही पाहिली. लाल! दिवाळीत व्यापारी पूजतात तसली! "आगं बया, लक्ष्मी आनली पोरानं!" लगेच हळद लावली, कुंकू लावलं, फूल वाहिलं, आणि देव्हाऱ्यात बिरोबाच्या टाकाशेजारी उभी करून ठेवली. वर काय, "पारोशा हातानं शिवायचं न्हाय हां!" आता मला सांगा, मी दुकानातून येणार ग्रीसनं भरलेला, अंघोळ करणार, सोवळ्यानं देव्हाऱ्यापुढं बसणार आणि लिहिणार, काडीपेटी नावे? ती वही अजून कोरी आहे. पूजा मात्र रोज होते तिची.

साधा प्रश्न होता हो!

मग म्हटलं, जाऊ दे लिहिणं, तोंडीच विचारू. संध्याकाळी जेवणं झाली की सगळ्यांना विचारायचं, आज डब्यातून कुणी किती घेतले, आणि दुकानातल्या कॅलेंडरवर त्या तारखेत टिपायचं. साधं! पहिल्या दिवशी विचारलं. आप्पा ताटावरून उठलेच. "म्या घेतलं तंबाकूला! आता म्हातारपनी पोराला कबुलीजबाब द्यायचा का? चावडीवर बोलीव मला, तितं सांगतो!" आई रडायलाच लागली. "माज्या हातची भाकरी खातूस आन मलाच हिशेब इचारतूस? आजवर तुज्या बापानं इचारला न्हाय!" मी म्हटलं आई, अगं मी हिशेब विचारत नाही, मी नुसतं किती घेतले ते विचारतोय... आता ह्यात काय फरक आहे हे मलाही सांगता आलं नाही.

एक आत्या तेवढी खूश. तिला आयुष्यात कुणी काही विचारलेलंच नव्हतं! मांडी घालून बसली. "लिव्ह. सकाळी पंधरा घेतलं." लिहिले पंधरा. "त्यातलं दोन माघारी टाकलं." खोडलं, तेरा. "मग कासारीन आली, मी बांगड्या भरल्या." मी विचारलं, किती? "पैसं कुटं दिलं? ज्वारी दिली." आता? ज्वारी खर्च का नाही? आप्पा परड्यातनं ओरडले, "घरची ज्वारी हाय, खर्च कसला?" आई म्हणाली, "घरची म्हनून काय फुकट पिकली?" आत्या म्हणाली, "थांबा की, म्होरं ऐका. शेजारच्या छबूबाईला वाटीभर साखर दिली." मी म्हटलं, हा खर्च झाला. "खर्च कसा? परवा तिच्याकडनं आनल्याली, ती माघारी दिली!" मग ती आणली तेव्हा काय होतं? उत्पन्न? "चापत्ती अंड्यावर आनली." अंडं कुणाचं? "कोंबडीचं." कोंबडी कुणाची? "तुज्या आईची." म्हणजे आईचा खर्च? "आईचा कसा, चा समद्यांनी पिला!" मंडळी, मी त्या तारखेच्या चौकोनात शेवटी काय लिहिलं सांगू? 'कोंबडी.' एवढंच. पुढं प्रश्नचिन्ह.

आणि त्यात आप्पांनी आठवड्याच्या बाजारात शेरडू विकलं. आलेल्या पैशातनं पेंड आणली, गूळ आणला, येताना भिगवणला मासळी घेतली, आणि उरलेले डब्यात टाकले. मी म्हटलं आप्पा, खर्च किती झाला? "खर्च न्हाय, फायदा झाला! गेलो तवा खिसा मोकळा हुता, आलो तवा पैसं हुतं!" आता ह्या माणसाला ऋषिराजकडं पाठवावं का ऋषिराजला ह्या माणसाकडं, ते मला कळेना.

पण खरं सांगू का... एकीकडं फाल्गुन लागला होता. होळी जवळ येत होती. दुकानात ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडे कुठून येतात ते दिसतं, बोट ठेवलं की सापडलं भोक. मला वाटायचं, आपलं घर असं एकदा पाण्यात बुडवून बघता आलं असतं तर बरं झालं असतं. नाहीतर मानसिंगराव येतील, मी परत 'तीन' म्हणीन, ते टोपी घालतील आणि जातील. आणि कुठल्यातरी दुसऱ्या घरात ती मुलगी कुणाच्यातरी बशीतली मिरची... जाऊ द्या. ते नको.

मग मला सुचलं! ह्या घरात लिहिता-वाचता मला एकट्याला येतं, पण दाणे तर सगळ्यांना टाकता येतात की नाही? घरात एक जुना मिसळणाचा डबा होता, आत सात वाट्यांचा. तो घासला. एक वाटी किराण्याची, एक औषधपाण्याची, एक पाहुण्यांची, एक कपड्यालत्त्याची, एक जनावरांची, एक देवधर्माची, आणि मधली 'इतर'. बिस्किटाच्या डब्यातून रुपया काढला की त्या त्या वाटीत ज्वारीचा एक दाणा टाकायचा. बोलायचं नाही, लिहायचं नाही, कुणी कुणाला विचारायचं नाही. होळीच्या दुसऱ्या दिवशी मी दाणे मोजणार. झाला घरखर्च! आहे का नाही साधं? सांगा ना!

आणि चाललं हो! खरंच चाललं! आप्पा तंबाखूला पैसे काढायचे, इकडं तिकडं बघायचे आणि गुपचूप दाणे 'औषधपाणी'त टाकायचे. टाकू दे की, दाणा पडला म्हणजे झालं! आई मोजून टाकायची, आणि एखादा हातून जास्त पडला तर 'असू दे, म्हागाई हाय' म्हणायची. आत्या तर दाणा टाकायच्या आधी कपाळाला लावायची. 'इतर'ची वाटी भरून वाहायला लागली, पण म्हटलं हरकत नाही, इतर तर इतर. मी रोज दुकानातून आलो की झाकण उघडून बघायचो. वाट्या भरत होत्या आणि मला वाटत होतं, लग्न जवळ येतंय.

होळीच्या आदल्या दिवशी मी दुकानात ट्रकचं चाक उघडून बसलो होतो. घरी आत्यानं डबा उघडला, आणि तिला दाण्यांत एक सोंडा दिसला. किडा हो, धान्यातला! आता किडा दिसल्यावर कुशाआत्या गप्प बसेल? तिनं सातही वाट्या एका सुपात उलट्या केल्या, पाखडलं, निवडलं आणि ओट्यावर उन्हात ठेवलं. मी नंतर म्हटलं, आत्या, सगळ्या वाट्या एक केल्यास? तर म्हणते, "येकत्र केलं म्हनून काय दानं कमी झालं? येरवी तू बेरीजच मारनार हुतास की! म्या मारून ठिवली!" आणि खरं आहे हो तिचं. इथंपर्यंत तिचं काहीच चुकलं नव्हतं.

तेवढ्यात दारात गुबूगुबू गुबूगुबू... नंदीबैल! पाठीवर झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगरमाळा. नंदीवाला म्हणतो, "सांग नंदीराजा, ह्या घरात यंदा काय शुभ हाय का?" नंदीनं मान हलवली. आत्या हरखली. म्हणाली, "इचार, लगीन हाय का?" नंदीनं मान हलवली. "पोरगी शेळगावची हाय का?" नंदीनं मान हलवली, आणि हलवता हलवता खाली घातली ती थेट ओट्यावरच्या सुपात!

त्याच वेळी मी हायवेवरून येत होतो. लांबूनच पाहिलं. सायकल तिथंच टाकली आणि ओरडत पळालो, "आत्या, सूप ओढ! सूप ओढ!" आत्या हात जोडून उभी! "आरं, गप! देवानं तोंड घातल्यालं वढून घ्यायचं व्हय? वंगाळ असतंय त्ये!" मी म्हटलं, आत्या, तो घरखर्च आहे! "असू दे! म्हादेवाचा नंदी हाय त्यो!" आणि नंदीराजा खातोय. किराणा खाल्ला. औषधपाणी खाल्लं. पाहुणे खाल्ले. इतर तर मिटक्या मारत खाल्लं. मी पोहोचलो तोवर सूप असं चाटून लख्ख केलेलं, आणि वर त्यानं माझ्याकडं बघून मान हलवली! आई आतून आली, सगळं ऐकलं, आणि शांतपणे म्हणाली, "मग आता समदंच देवधर्मात धर."

सांगा तुम्हीच! मी काय करायला पाहिजे होतं? बैलाला विचारू, किती होते?

होळी झाली. तिसऱ्या दिवशी मानसिंगराव आले. हातपाय धुतले, पाट घेतला, चहा घेतला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा. म्हणाले, "हं. किती?"

आत्या बोलायला लागली तर आईनं तिचा पदर ओढला. मी म्हणालो, "मामा, निघाला नाही." आणि मग मी सगळं सांगितलं. ऋषिराज, देव्हाऱ्यातली वही, कोंबडी, शेरडू, वाट्या, नंदीबैल. एकदा तोंड उघडलं ते मिटेचना. मानसिंगरावांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सगळं ऐकून म्हणाले, "आरं, येवढी उठाठेव कशाला? आमच्या काट्यावर काय करत्यात? भरल्याली गाडी वजा मोकळी गाडी. म्हैन्याच्या पयल्या तारखंला डब्यात किती, मदी टाकलं किती, शेवटाला उरलं किती. झाला हिशेब. टाकलं किती ते तर ठावं असंल?"

आम्ही चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. मी म्हणालो, "मामा, टाकणाराही मोजून टाकत नाही."

त्यांनी टोपीला हात घातला. म्हटलं, संपलं. आणि त्यांनी टोपी तशीच हातात धरून एकदम आत्याकडं पाहिलं. "कुशाबाई, तुमी हितं किती वर्सं हाय?"

"धनी गेल्यापासनं. ह्यो बिरा पाळन्यात हुता."

"तुमचं सोताचं काय येनं हाय का? पेन्शल, जमीन, कायबी?"

"काय बी न्हाय."

"मग बांगड्या, चोळी, औषिद... पैसं लागलं तर कुनाला मागता? भावाला का भावजयीला?"

आत्याला प्रश्नच कळला नाही. ती आईकडं बघायला लागली, मग आप्पांकडं, मग देवळीकडं. "मागायचं? कुनाला? डबा हाय की तितं. त्यो काय बोलतोय व्हय, का घेतलं म्हनून?"

मानसिंगराव बराच वेळ त्या डब्यावरच्या बाईच्या टोपीकडं बघत राहिले. मग त्यांनी स्वतःची टोपी डोक्यावर घातली, आणि मला वाटलं आता उठणार, तर म्हणाले, "वैनी, आजून येक कप चा मिळंल का?" आईनं चहा टाकला. चहा पिता पिता त्यांनी आप्पांना विचारलं, "पाडव्याला सुपारी फोडू, चालंल का?"

आता बोला! मी म्हटलं, मामा, पण घरखर्च? "निघाला की." किती निघाला? तर नुसते हसले. पहिल्यांदाच हसले! अहो, पण आकडा? मला अजून कळलेलं नाही, नक्की काय निघालं ते! आप्पा म्हणतात, "मानूस भला हाय." आई म्हणते, "चा आवडला त्यास्नी." आणि ऋषिराजला सांगितलं तर तो म्हणतो, ह्यात ताळेबंद कुठं बसला?

पाडव्याला शेळगावला गेलो. सुपारी फुटली, साखर वाटली, बायका आत, पुरुष बाहेर, सगळं यथासांग. मी खांबाला टेकून खाली मान घालून बसलो होतो. आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या. सारजा. सगळ्यांच्या देखत, मला, सरळ! "आबांनी सांगितलं, तुमच्यात डब्यातनं समदी घेत्यात म्हनं. कुनी कुनाला इचारत न्हाय."

मी म्हणालो, "व्हय."

"मग त्यात टाकतं कोन?"

सगळी सतरंजी माझ्याकडं वळली. आप्पा सुपारी चघळायची थांबले. ह्या प्रश्नाचा आम्ही कुणी कधी विचारच केला नव्हता हो! दुधाचे येतात, अंड्यांचे येतात, येतात आपले कुठून ना कुठून... माझे कान असे तापले की त्यावर ठिगळ चिकटलं असतं. आणि मी नाही, माझं तोंडच म्हणालं, "आतापासनं... मी."

आतल्या बायका हसल्या. ती पण हसली असावी. मी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. शब्द दिला होता ना. दुकानाचे खिशात होते नव्हते तेवढे सगळे पैसे डब्यात टाकले, झाकण लावलं आणि अंघोळीला गेलो. अंघोळ करून आलो तर आठवलं, चहापुरते तरी ठेवायला पाहिजे होते, म्हणून परत डबा उघडला. रिकामा! आप्पा तंबाखूला गेले होते, आई गिरणीत, आणि आत्या नवं लुगडं बघायला छबूबाईला घेऊन भिगवणच्या एसटीला निघालेली, ती दारातून वळून म्हणाली, "काय बगतूस रं डब्यात? घरात लगीन हाय, खर्च व्हायचाच की!" किती झाला, हे मी विचारलं नाही. सायकल काढली आणि बिनचहाचंच दुकान उघडलं.